जातं हळदीला गेलंय

आमच्या संग्रहालयात पाऊल टाकलं की माणसं पहिला प्रश्न विचारतात, "हे विकायचंय का?"

नाही. विकायचं नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता दारातच सांगून टाकते. एक इंटिरियरवाला तर होडीच्या सुकाणूवर हात फिरवत म्हणाला होता, "मॅडम, माझ्या कॅफेत हे किती उठून दिसेल!" मी म्हटलं, "होडीला लावलंत तर अजून उठून दिसेल." तो परत आला नाही. संग्रहालय सांभाळणाऱ्या आमच्या सरांनी मला त्यावर ऐकवलं, की पाहुण्यांशी असं बोलत नाहीत. पण मी पाहुण्यांशी बोलायला शिकलेच नव्हते. मी पत्रकं लिहायला शिकले होते.

दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना विचारलं, तिशीच्या आतल्या माणसाला कसले अनुभव? ते म्हणाले, तुमच्याकडे राग भरपूर आहे, त्यातलाच थोडा लिहा. तर हा थोडा.

मी तळवलीची. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून आमचं गाव आहे. होतं म्हणत नाही, कारण आहे. भोवती टॉवर उभे राहिले आणि नव्या लोकांना वाटायला लागलं की मधे उरलेलं हे गाव आम्हीच नंतर चुकून बांधलंय. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं काढते. गावठाणातल्या घरांविषयी, खाडीत येणाऱ्या रंगीत पाण्याविषयी, शाळेच्या मैदानात उभ्या राहणाऱ्या गाड्यांविषयी. पत्रकाचा एक नियम असतो: पहिल्या ओळीत भांडण सुरू झालं पाहिजे. असंच एक पत्रक मी समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवत होते, तेव्हा आतून सर आले. अनंत सर. गावातल्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. मला वाटलं ओरडणार. ते म्हणाले, "चिकटव. पण ज्या गावासाठी भांडतेस ते आत येऊन एकदा बघ तरी."

आत गेले ती तिथलीच झाले. झाडणं, पुसणं, पाट्या लिहिणं, आलेल्याला फिरवून आणणं, हे माझं काम. पगार असा की त्याविषयी न लिहिलेलं बरं.

हे संग्रहालय म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगते. समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. पहिलीत वस्तू. मिठागरात मीठ ओढायची लांब दांड्याची फळी. पाग, म्हणजे फेकून मारायचं गोल जाळं. पितळेचे हंडे. त्यांच्या शेजारी बंद पडलेल्या कारखान्याचा भोंगा, ज्याच्यावर एकेकाळी अख्खं गाव घड्याळं लावायचं. एका बंद झालेल्या सलूनची फिरणारी खुर्ची, जिच्यावर 'बसू नये' अशी पाटी आहे आणि जिच्यावर सगळे बसतात. नाटकमंडळाचे मुकुट. रेडिओ. आणि कोणी आणून दिलं ते कोणालाच आठवत नाही असं एक विमानाचं आसन. काही ताळमेळ नाही, असं लोक म्हणतात. मग तुमच्या पोटमाळ्यावर असतो का?

दुसऱ्या खोलीत सरांची चित्रं. खाडी, मिठाचे ढीग, तिवरं, भरतीचं पाणी, बांधावरून चालणाऱ्या बायका. मोठाली तैलचित्रं. खोलीला एकच खिडकी, तिच्यातून समोरच्या इमारतीचे एसी दिसतात. चित्र नीट बघायचं तर माणसाला दारापर्यंत मागे सरकावं लागतं आणि दारात सलूनची खुर्ची आहे. सर कधी तक्रार करायचे नाहीत. ट्यूबलाइटची चमक चित्रावर पडते म्हणून एक पुठ्ठा धरून उभे राहायचे आणि पाहुण्याला म्हणायचे, "आता बघा."

आमची एक रीत होती जी जगात कुठल्या संग्रहालयात असेल असं वाटत नाही. आमच्या वस्तू बाहेर जायच्या. लग्नाला हंडे जायचे. भोंगा एकदा मोर्चाला गेला, तो मीच नेला होता. आणि सगळ्यांत जास्त जायचं ते हिरूबायचं जातं.

हिरूबाय आमच्या गावची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात पोथीच्या आधी तिचा आवाज लागतो. ती धवले म्हणते, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, आणि त्या गाण्यांवर एकेक विधी पुढे सरकतो. त्यातलाच एक जात्यावर हळद दळायचा. तिच्या घराचं काम निघालं तेव्हा तिनं जातं आमच्याकडे आणून ठेवलं आणि दारातच अट घातली, "ठेवाला देलाय. हलदीला लागल तवा नेनार." सर हो म्हणाले. त्यामुळे लग्नसराईत आमच्याकडचा जात्याचा ओटा निम्मा वेळ रिकामाच. मी तिथे पाटी लावायचे: जातं हळदीला गेलंय. पाहुणे त्या पाटीचा फोटो काढायचे.

मग समाजमंदिराचा स्लॅब गळायला लागला. गावकीनं ठरवलं, पाडून नवं बांधायचं. नव्यात आम्हाला खोली मिळेल असं सगळे म्हणत होते, पण 'सगळे म्हणतात' याची किंमत मला माहीत आहे. तोवर या सामानाचं करायचं काय?

तेव्हा करंजाड्याहून निरोप आला. तिकडे एका मोठ्या गृहसंकुलात नवं कलादालन झालं होतं. चालवणारी खासगी संस्था, नाव लिहीत नाही. त्यांना 'स्थानिक वारसा' हवा होता. आमच्या वस्तूंसाठी एक अख्खा मजला, थंड हवा, काचेच्या पेट्या. सरांच्या चित्रांसाठी वरून पडणाऱ्या उजेडाची मोठी भिंत. अट एकच: वस्तू कायमच्या द्यायच्या, आणि दिल्यावर त्या तिथून हलणार नाहीत. सगळं द्या, नाहीतर काहीच नको.

मी भडकले. नंतर सर मला म्हणाले, "रेश्मा, मी ती भिंत बघून आलो. मागे सरकायला जागा आहे."

एवढंच बोलले. मला समजायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "सर, भिंतीसाठी गाव विकायचं का?" पत्रकात ही ओळ चांगली दिसली असती. सरांच्या तोंडावर फार वाईट दिसली.

त्या संस्थेच्या वैशाली मॅडम पाहणीला येणार होत्या. पुण्याच्या, अभ्यासू बाई. त्यांच्यासाठी मी खास पत्रक काढलं. मथळा होता, 'काचेत ठेवाल तर मराल'. मुद्दा हा, की वस्तू वापरात आहे तोवर ती गावाची असते, पेटीत गेली की बघणाऱ्यांची होते. वापर हीच राखण. ते पत्रक मी त्यांच्या हातात दिलं आणि वस्तू दाखवायला सुरुवात केली. त्या शांतपणे बघत होत्या. भोंग्याला कुठे गंज चढलाय, मुकुटाचा कागद कुठे सुटलाय, अचूक बोट ठेवत होत्या. रिकाम्या ओट्यापाशी थांबल्या. पाटी वाचली.

"आज गेलंय?"

"मागच्याच आळीत. आत्ताच दळणं सुरू होईल. चला, दाखवते."

मी मुद्दामच तो दिवस निवडला होता, हेही सांगून टाकते. लेक्चर कशाला द्यायचं? डोळ्यांनीच बघू दे. सरही बरोबर निघाले.

मांडव सुरेखाकाकीच्या दारात. तिच्या मोठ्या मुलाचं लग्न. पिवळी-सोनेरी झालर, पिवळ्या खुर्च्या, 'हळदी' असं लिहिलेला थर्माकोलचा फलक, त्याच्यापुढे मुली रील करतायत. मधोमध चौरंगावर जातं.

सोनेरी.

वरची तळी, खालची तळी, खुंटा, सगळं लखलखीत सोनेरी. स्प्रे पेंट. अजून वास येत होता.

मी नवरदेवाच्या भावाला धरलं. "प्रथमेश, हे काय केलंस?"

"ताई, मी नाय. डेकोरेटर. थीम गोल्डन आहे ना. टेन्शन नको घेऊ, फोटोत मस्त येतंय."

"अरे दगड आहे तो! दळायचंय त्याच्यावर!"

"दळतात कुठे आता? मिक्सरमधून काढून ठेवलीय ना हळद. हे नुसतं, म्हणजे, लुकसाठी."

माझ्या मागे वैशाली मॅडम उभ्या होत्या. हातात माझं पत्रक. त्यांनी काही टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या फक्त वाकल्या, तळीवर बोट टेकवलं आणि सोनेरी झालेलं बोट मला दाखवलं. "वापर हीच राखण," असं त्यांच्याच हातातल्या कागदावर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं.

चिडायचं म्हटलं तर कोणावर? आयुष्यभर मी बाहेरच्यांवर चिडत आले. इथे तर सगळे घरचेच.

तेवढ्यात हिरूबाय आली. नऊवारी खोचलेली, डोक्यात अबोलीचा गजरा. बायकांनी वाट करून दिली. तिनं जात्याकडे पाहिलं. मग डीजेच्या पोराकडे पाहिलं. त्यानं आवाज बंद केला. कोणी सांगितलंही नव्हतं.

"कोनी केला यो?"

सुरेखाकाकी पुढे आली. "हिरूबाय, पोरांनी केलं गं. राहू दे आता. तू धवला म्हण, हळद तयार आहे."

"मिक्सरची?"

"हां, मिक्सरची."

हिरूबाय खुर्चीवर बसली. पिवळ्या रिबिनीच्या खुर्चीवर, पाय वर घेऊन. "मंग धवलाबी मिक्सरलाच सांग."

बायका फिस्कन हसल्या. सुरेखाकाकी नाही हसली. धवला नाही तर हळद नाही, हळद नाही तर उद्या लग्न कसलं? ती रडकुंडीला आली. नवरदेव टॉवेल गुंडाळून नुसता उभा. प्रथमेशनं एकदा मोबाइलवर धवले लावून बघू का असं विचारलं आणि त्याच्या आत्यानं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"हिरूबाय, काय करू सांग," काकी म्हणाली.

"जातां घासा. यो रंग हलदीन उतरंल. ती हलद तुजे पोराचे आंगाला लावू?"

मग जे झालं ते मी बघितलंय आणि मॅडमनीही. डेकोरेटरच्या दोन माणसांसकट घरचे सगळे पुरुष मोरीपाशी बसले. थिनर, तारेचा ब्रश, विटेचे तुकडे. प्रथमेशचा पिवळा कुर्ता सोनेरी झाला. दगडाला बारीक खाचा असतात, छिन्नीनं पाडलेल्या, त्यांच्यामुळेच दळलं जातं. त्या खाचांत रंग मुरलेला. तो काही केल्या निघेना. शेवटी हिरूबायनं हात फिरवून बघितला आणि म्हणाली, याला टाकी लावायला पाहिजे. म्हणजे छिन्नीनं वरचा थर उडवून नव्या खाचा पाडायच्या. घणसोलीच्या नाक्यावर पाटे-वरवंटे विकणारं एक कुटुंब बसतं. तिथून बाईला बोलावून आणलं. तिनं मांडवात बसून टाकी लावली. ठक ठक ठक. मुलींनी त्याचंही रील केलं.

मग त्या जात्यात आधी मूठभर तांदूळ दळून टाकून दिले, आणि मग हळकुंडं घातली. हिरूबायनं डोळे मिटले. ती गायला लागली, तेव्हा आळीतल्या टॉवरमधले लोक गॅलरीत येऊन उभे राहिले.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं वगैरे लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. त्या परत जाताना म्हणाल्या, "गाणं विलक्षण आहे. पण रेश्मा, आज त्या दगडाचा एक थर गेला. असे किती थर आहेत?"

"तुमच्या पेटीत ठेवलं तर गाणं जाईल."

"गाणं आम्ही रेकॉर्ड करू."

"आणि नवरदेव?"

त्या हसल्या. वाईट बाई नव्हत्या त्या, हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच राग येत होता. "उत्तर लवकर कळवा," म्हणाल्या. "भिंत रिकामी ठेवलीय." हे त्या सरांकडे बघून म्हणाल्या.

गावदेवीच्या मंडपात बैठक बसली. मी पत्रक काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला पहिली ओळ सुचत नव्हती. दोन्ही बाजूंचं खरं होतं. उभी राहिले आणि जे झालं ते सांगितलं, सोनेरी रंगासकट. म्हटलं, तिकडे दिलं तर सगळं सुखरूप राहील, पण आपलं राहणार नाही. इथे ठेवलं तर आपलं राहील, पण आपणच त्याला रंग फासू. पोरांनो, हसू नका, तुमच्याबद्दलच बोलतेय. आणि ठेवायला आपल्याकडे छप्परही नाही. आता तुम्ही बोला.

मग सुरेखाकाकी उठली. "जातं माझ्याकडे नको. मला लाज वाटते. हंडे द्या. घासून ठेवीन."

"जातां माजेकरं," हिरूबाय बसल्या जागेवरून म्हणाली. "घर झालाय माजा."

"पाग आमच्याकडे," खालच्या आळीतला एक जण म्हणाला.

"फिरती खुर्ची मी नेतो," प्रथमेश म्हणाला.

"बसायला नको नेऊस," मी म्हटलं.

"बसायला नाय तर काय पूजा करायला?"

भोंगा कोणालाच नको होता. पोरं वाजवतील म्हणून. तो शेवटी माझ्या आईनं घेतला, "हिच्यापेक्षा कमीच वाजेल" म्हणून. अर्ध्या वस्तू अशा बघता बघता गेल्या, हळदीला आहेर पुकारावेत तशा. आणि त्या गोंगाटात सर हळूच म्हणाले, "आणि चित्रं?"

पुकारे थांबले. कारण चित्रं मोठी. आमची घरं लहान. भिंती टीव्हीनं, कपाटांनी, देवांनी भरलेल्या. आणि सगळ्यांना माहीत होतं की तिकडे त्या चित्रांसाठी एक अख्खी भिंत वाट बघत होती. चित्रं सरांचीच होती, ते एकटे हो म्हणू शकले असते, पण ती संस्था वस्तूंशिवाय चित्रं घेत नव्हती.

मी काय बोलणार होते? 'सर, तुमचं आयुष्य परत ट्यूबलाइटखाली लावा'? मी खाली बसले. मला वाटलं सर म्हणतील, माझंही काही आहे की नाही? त्यांनी म्हणायला हवं होतं. मी त्यांच्या जागी असते तर मी म्हटलं असतं, माइक घेऊन.

सुरेखाकाकी म्हणाली, "सर, मोठं चित्र आमच्या हॉलमध्ये लागेल. टीव्ही आहे ती भिंत."

"मग टीव्ही?"

"टीव्ही बेडरूममध्ये."

तिचा नवरा मागून ओरडला, "अगं, मॅच?"

"मॅच मोबाइलवर बघ!"

सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "सोफा मागे सरकतो का?"

मी मॅडमना फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरोघरी वस्तू ठेवलेल्याला संग्रहालय म्हणत नाहीत." मी म्हटलं, "नका म्हणू, पण बघायला या." त्यांनी फोन ठेवला नाही लगेच. विचारलं, राखणार कोण? मी म्हटलं, मी.

तर आता माझं काम असं आहे. दारातून हाक मारायची, चप्पल काढायची, पाहुण्यांना एका घरातून दुसऱ्या घरात न्यायचं. हंड्यात बटाटे सापडले की भांडायचं. एका घरात रेडिओ उघडून त्याचे भाग विकले गेले, तो गेलाच. मिठाची फळी गटार उपसायला वापरली, तिचा दांडा बदलावा लागला. हे सगळं नुकसान माझ्या नावावर लिहा, मी नाकारत नाही. जातं हळदीला जातं तेव्हा मी बरोबर जाते, दळून होईपर्यंत शेजारी बसते, डेकोरेटरला हात लावू देत नाही. बायका मला जात्याची करवली म्हणतात. म्हणू देत. नव्या समाजमंदिराची खोली आम्हाला तोंडी कबूल आहे. ती हातात येईपर्यंत मी दर बैठकीला उठून तेच विचारणार आहे, गावकी कंटाळली तरी.

परवा नेरुळहून एक जोडपं आलं. त्यांना सुरेखाकाकीकडे नेलं. काकी मासे साफ करत होती, हात पुसत उठली. सर तिथेच होते. ते आता बहुतेक दुपारी तिथेच असतात. त्यांनी आणि काकीनं मिळून सोफा ढकलला, थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. पाहुणे ओट्याला पाठ टेकून उभे राहिले. समोर भरतीचं पाणी, मिठाचे ढीग, बांधावरून येणाऱ्या बायका. मग पाहुण्यांतल्या बाईनं विचारलं, "ही जागा कुठे आहे?"

सरांनी पायाखालच्या लादीकडे बोट केलं.